जमनीबाईचा आवाज आणि माझं व्होल्टेज

संपादकांचं पत्र आलं, ‘आपल्या संगीतसेवेविषयी आमच्या अंकासाठी लिहा.’ मी ते कौतुकानं मोठ्यानं वाचून दाखवलं, तर आमच्या मंडळींनी हातातलं भगोनं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हसत बसल्या. त्यांचंही बराबर आहे. मी वाजवतो ते एकच वाद्य, कीबोर्ड, आणि तेही उजव्या हाताच्या तीन बोटांनी. बाकीची दोन बोटं सुरुवातीपासून माझं ऐकत नाहीत.

वसमतच्या बसस्टँडमागं, पंक्चरवाला आणि खताचं दुकान यांच्या मधल्या खोलीत माझं रेकॉर्डिंग सेंटर होतं. सेंटर म्हणजे दोन टेपरेकॉर्डर, एक माइक, एक मिक्सर आणि भिंतीला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिऱ्हाईक गाण्यांची चिठ्ठी घेऊन यायचं, आम्ही त्या क्रमानं कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचो. शिवाय जीपवर वाजवायच्या जाहिराती, बियाण्याच्या, जत्रेच्या, जनावरांच्या बाजाराच्या. शेळ्यांच्या बाजाराच्या जाहिरातीत शेळी मीच ओरडायचो. पुसेगावला ती जाहिरात वाजवत जीप फिरत होती, तेव्हा एक खरी शेळी दावं तोडून जीपमागं पळाली. माझ्या कलेला मिळालेली ती पहिली दाद, आणि बरीच वर्षं एकुलती एक.

टेप दुरुस्तीही करायचो. निम्म्या लोकांची तक्रार एकच असायची, ‘आवाज ओढून राहिलाय.’ मी उघडून न बघताच सांगायचो, बेल्ट सैल झालाय नाहीतर घरी व्होल्टेज कमी आहे. दहात नऊ वेळा खरं निघायचं. या गोष्टीचा मला फार गर्व होता. पुढं तो कुठं कामाला आला नाही ते सांगायलाच हा लेख.

झालं असं की हट्ट्याहून एक काका आले. त्यांनी ट्रॅक्टर घेतला होता आणि बैलजोडी विकली होती. म्हणाले, “गुरुवारी बैल चालले. त्याच्या आधी घुंगरमाळंचा आवाज भरून द्या.”

मी म्हणालो, “काका, माळ ठेवून घ्या की घरीच.”

“माळ ठेवलीच हाय. मी हलवली तर वाजती. पन बैल चालल्यावर वाजती तशी न्हाई वाजत.”

मी टेप गळ्यात अडकवून त्या बैलांमागं पाणंदीनं पाऊण तास चाललो. त्यात पाच मिनिटं माझा खोकला आहे. काकांनी तो कधी काढायला सांगितला नाही. पण दुकानात परत येऊन ती कॅसेट लावली आणि सहज कीबोर्डवर एक सूर दाबून धरला, तर अंगावर काटा आला. तेव्हापासून डोक्यात किडा शिरला. गाणी काय सगळेच भरून देतात, आपण आवाजांचंच संगीत करायचं, मशीनचं, विजेचं. असलं संगीत जगात कुठं कुठं करतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर बहुतेक घाबरून केलं नसतं.

अल्बमचं नाव ठरवलं ‘चारशे चाळीस’. विहिरीवरच्या थ्री फेज मोटारीला जेवढे व्होल्ट लागतात तो आकडा. आधी कव्हर छापून घेतलं, मग संगीत करायला घेतलं. कव्हरवर माझा फोटो, मागं विजा.

कुरुंद्याला हळद पॉलिश करायचा ड्रम भरायला गेलो. शिजवून वाळवलेली हळद जाळीच्या लोखंडी पिंपात घालतात आणि पिंप फिरवतात, म्हणजे हळकुंडं एकमेकांवर घासून साल निघते. तो आवाज फार देखणा असतो, आधी दगडासारखा आणि शेवटी शेवटी काचेसारखा. ड्रमवाला बराच वेळ माझ्याकडं बघत होता. मग म्हणाला, “बिघाड शोधून राहिले काय?”

“नाही हो, नुसता आवाज भरतोय.”

“मग भावाच्या ड्रमकडं जा ना. त्याचा माझ्यापेक्षा जास्त वाजतो.”

मोटारीच्या स्टार्टरचा खटका भरला, रसवंतीची घुंगरं भरली, एस.टी.चं दार भरलं. सगळं झालं, पण त्यात माणूस नव्हता. तेव्हा कुणीतरी जमनीबाईचं नाव सांगितलं.

कुरुंद्याच्या पलीकडं एक तांडा आहे. तिथली ही बाई, तेव्हा पन्नाशीची. बंजारा लग्नात नवरी सासरी निघताना आई, आजी, भाऊ, एकेकाच्या गळ्यात पडून रडते आणि ते रडणं गाण्यात असतं. त्याला ढावलो म्हणतात. ते आपोआप येत नाही, लग्नाआधी जाणत्या बाईजवळ बसून शिकावं लागतं. जमनीबाई तशी जाणती. पाच-सहा तांड्यांवरून तिला बोलावणं यायचं. नवरीच्या आईनंतर लग्नात मान असायचा तो तिला.

माघातली गोष्ट. हळदीला, गव्हाला पाणी चालू, शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू. तांड्यावर तिच्या घरातल्या बल्बची तार नुसती लाल दिसत होती. सेल वाचवायला मी त्याच लाइनवर माझा टेप लावला. लक्षात ठेवा, हा मी, दुसऱ्यांचं व्होल्टेज न बघता सांगणारा.

जमनीबाई म्हणाली, “लगन न्हाई, नवरी न्हाई. कुनाच्या गळ्यात पडू?”

मी म्हणालो, “बाई, माइकला समजा.”

ती माइककडं बघून हसली. मग तिनं जावेला पुढं बसवलं, तिच्या गळ्यात हात टाकला आणि सुरू केलं. मला गोरमाटी बोली येत नाही, शब्द कळले नाहीत. पण दारात उभ्या असलेल्या बायका एकेक करून खाली बसल्या आणि जाऊ खरंच रडायला लागली. गाणं झाल्यावर मी तिथंच टेप उलटा फिरवून सुरुवातीचा तुकडा ऐकवला. आवाज हुबेहूब आला. जमनीबाईनं मान हलवली. चहा झाला, मी शेवटची बस पकडली.

आता यात गंमत काय आहे ती ऐका. व्होल्टेज कमी असलं की टेपची मोटर हळू फिरते. हळू फिरत भरलेला आवाज तिथंच, त्याच कमी व्होल्टेजवर ऐकला तर बराबर वाटतो, कारण मोटर अजून हळूच फिरत असते. तोच पूर्ण व्होल्टेजवर लावला की टेप धावतो, गाणं जलद होतं आणि आवाज चिमणीसारखा बारीक होतो. माझ्या दुकानात स्टॅबिलायझर होता. दुसऱ्या दिवशी तिथं कॅसेट लावली तर पन्नाशीच्या बाईच्या जागी आठ वर्षांची पोरगी गात होती, तीही उड्या मारत.

एखाद्या गिऱ्हाइकानं ही तक्रार आणली असती तर मी चुटकीसरशी सांगितलं असतं. पण हे माझं स्वतःचं संगीत होतं ना. मला वाटलं, वा, विजेवर आवाज काय खुलला! मी त्याखाली तीन बोटांनी धून लावली, हळदीच्या ड्रमचा ठेका धरला, स्टार्टरचा खटका दर चौथ्या मात्रेला. पंक्चरवाल्यानं विचारलं, “बाईचा आवाज असा कसा केला?” मी गंभीरपणे म्हणालो, “ते तंत्र असतं, सांगून कळत नाही.” मला तरी कुठं कळत होतं!

वीस कॅसेटी भरल्या आणि ओळखीपाळखीत वाटल्या. त्यातली एक मंडपवाल्याकडं गेली. त्यानं ती शेजारच्या तांड्यावर लग्नात लावली. ठेका चांगला होता, पोरं नाचली. आणि त्याच लग्नात आतल्या खोलीत जमनीबाई नवरीला ढावलो शिकवत बसली होती. बाहेर तेच रडणं चिमणीच्या आवाजात भोंग्यावर, आणि वर शिट्ट्या. लोकांनी ओळखलं. लेकरं तिच्या पुढंच तिची नक्कल करायला लागली.

चार दिवसांनी ती दुकानात आली. बसली नाही. म्हणाली, “हा माझा आवाज न्हाई.”

“तुमचाच आहे की बाई. तुमच्यासमोरच भरला.”

“मी रडले होते. तू नाचवून राहिला. आता कोनती पोरगी माझ्यापाशी बसंल? म्या तोंड उघडलं की हसत्यात.”

यावर मी काय म्हणावं? चूक तपासतो म्हणावं, बसा म्हणावं, निदान पाणी विचारावं. मी म्हणालो, “बाई, मशीन खोटं बोलत नाही.”

तेवढं ऐकून ती निघून गेली. माझं ते वाक्य लिहितानाही माझे कान गरम झालेत.

मी रागानं अल्बम बंद केला. सगळ्या मूळ कॅसेटी डांबरगोळ्या घालून ट्रंकेत टाकल्या. पुढची पंचवीस वर्षं, विषय निघाला की मी उसासा टाकून सांगायचो, ‘काळाच्या पुढचं काम होतं हो, लोकांना पेललं नाही.’ कॅसेटी गेल्या, सीडी आल्या आणि गेल्या. मी दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला लागलो, शेवटी तेही पोराकडं दिलं. उसासा मात्र टिकून होता. जमनीबाईनं त्यानंतर लग्नात गाणंच सोडून दिलं, हे मला उडत उडत कळलं होतं. मी ते कानाआड केलं.

मागच्या वर्षी मनीषाचा फोन आला. पोरगी परभणीची, पुण्यात मालिकांच्या आवाजाचं काम करते. नांदेडच्या जुन्या बाजारात तिला ‘चारशे चाळीस’ची एक कॅसेट सापडली होती. तिनं त्यातला हळदीच्या ड्रमचा तुकडा इंटरनेटवर टाकला, तर कुठले कुठले लोक विचारायला लागले, हे कुणी केलं, पूर्ण ऐकायला मिळेल का. ती म्हणाली, “काका, मूळ टेप असतील तर आपण हा अल्बम परत काढू.”

मी आठवडाभर वसमतमध्ये छाती काढून फिरलो. दाढी वाढवावी असंही ठरवलं होतं, मंडळींनी तीन दिवसांत करायला लावली.

मनीषा आली, ट्रंक उघडली. कॅसेटींमधले टेप दाबून धरणारे फेल्टचे छोटे तुकडे गळून पडले होते. आम्ही स्क्रू काढून एकेक टेप दुसऱ्या डबीत भरला. माझा हात तेवढ्यापुरता अजून चालतो, ती पोरगी बघत राहिली. मग तिनं एकेक कॅसेट वाजवून कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली. तांड्यावरची मूळ कॅसेट लावली आणि थोड्या वेळानं थांबवली.

“काका, गाण्याच्या मागं ही घूं ऐकू येते, ही कशाची?”

“लाइनची. माइकची वायर ट्रान्सफॉर्मरजवळून गेली असेल.”

“व्हय. आपल्या लाइनची घूं कायम एकाच सुरात असते, सेकंदाला पन्नास. सगळ्या देशात. तुमच्या टेपवर ती चौसष्ट येऊन राहिली.” पोरगी कामात बुडाली की तिची परभणी बाहेर येते. “म्हणजे टेप धावतोय. काका, तांड्यावर व्होल्टेज किती होतं?”

मला लाल तारेचा बल्ब दिसत होता.

तिनं ती घूं पन्नासवर आणून ठेवली. घूं खाली आली तसा तिच्याबरोबर आवाजही खाली आला, संथ झाला, आणि आठ वर्षांची पोरगी जाऊन माझ्या खोलीत जमनीबाई रडायला लागली. जावेचा हुंदका ऐकू आला. माझ्या धुनेखाली तो इतकी वर्षं नुसता कचकच वाजत होता. मला रडू आलं असं लिहिलं तर बरं दिसेल, पण खरं सांगतो, मला लाज वाटली. पंचवीस वर्षं मी ज्याला प्रयोग म्हणत होतो तो प्रयोग वीज मंडळाचा होता. आणि त्यापायी मी एका बाईचं तोंड बंद केलं होतं.

मनीषा म्हणाली, “आधी त्यांना विचारायला पाहिजे. त्या नाही म्हणाल्या तर हे नाही काढायचं.” मी तिच्या आधी हे म्हणायला पाहिजे होतं.

तांड्यावर गेलो. जमनीबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. केस पांढरे, नजर तीच. मी म्हणालो, “याडी, ओळखलं का?” त्यांच्यात आईला याडी म्हणतात.

“व्हय. मशीन खोटं बोलत न्हाई.”

पंचवीस वर्षं तिनं ते जपून ठेवलं होतं. मी सगळं सांगितलं, व्होल्टेज, मोटर, घूं. मनीषानं हेडफोन पुढं केला. जमनीबाईनं तो हातानं बाजूला सारला.

“हसले ते समद्यांच्या म्होरं. आता माझ्या एकटीच्या कानात काहून घालता? लावायचं तर समद्यांच्या म्होरं लावा. तेवढ्याच मोठ्यानं. आन् हा,” माझ्याकडं बोट करून, “ह्यानं उभं राहून सांगायचं.”

रविवारी सकाळी देवळापुढं तांडा जमला. नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, खुर्चीवर, बाकी सगळे खाली, मधोमध जमनीबाई आणि तिची जाऊ. त्या लग्नात नाचलेली पोरं आता पोटं सुटलेले बाप होऊन बसली होती. मनीषानं बॅटरीवरचा मोठा स्पीकर आणला होता, लाइनवर आमचा दोघांचाही आता भरवसा राहिला नव्हता.

मी माइक घेतला. रात्रीतून भाषण तयार केलं होतं. “बंधू-भगिनींनो, ध्वनिमुद्रणाच्या शास्त्रात वेग आणि विद्युतदाब यांचा जो संबंध...”

नायक म्हणाले, “मास्तर, सोप्पं सांगा. चूक कुनाची?”

“माझी.”

“बाईचा आवाज तसा होता का?”

“नव्हता. मी बिघडवला. मला तपासता येत होतं, मी तपासलं नाही. आणि ती सांगायला आली तेव्हा मी तिलाच खोटं पाडलं.”

एवढंच झालं भाषण. मनीषानं गाणं लावलं.

पहिल्या ओळीला दोन-चार माना वर झाल्या. दुसऱ्या ओळीला म्हाताऱ्या बायकांनी ओढण्या पुढं ओढल्या. पोरं आपल्या आज्यांकडं बघायला लागली, हा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. जमनीबाई मान खाली घालून जमिनीवर बोटानं रेघा ओढत होती. आणि कडवं अर्ध्यावर असताना आवाज तुटला. भरताना त्या दिवशी कॅसेटच तिथं संपली होती आणि गाण्याच्या नादात ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी चुकीचा हिशोब करून जुन्या कॅसेटचा उरलेला टेप वापरला होता. माझ्या चुका मोजायला बसलं तर अंक पुरायचा नाही.

मनीषा स्पीकर बंद करायला वाकली. तेवढ्यात जमनीबाईनं जावेच्या गळ्यात हात टाकला आणि तुटलेल्या शब्दापासून पुढं म्हणायला सुरुवात केली. आवाज फाटलेला, दम पुरत नव्हता, दोनदा थांबली. पण कडवं पुरं केलं, आणि त्याच्यापुढचंही. नायकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

मग डोळे पुसून ती मला म्हणाली, “लाव आता जगाला. पन हेच. ते चिमनीचं फेकून दे.”

यात एक अडचण होती. माझी सगळी धून त्या चिमणीच्या सुरात बसवलेली होती. खऱ्या आवाजाखाली ती लावून बघितली तर दोघांचं काही केल्या जमेना. धून हळू करून बघितली तर आजारी रेड्यासारखी वाजायला लागली. मग मनीषा फार अदबीनं म्हणाली, “काका, तुमचा कीबोर्ड काढून टाकला तर?” मग स्टार्टरही गेला, रसवंतीही गेली, एस.टी.चं दार तेवढं शेवटच्या तुकड्यात राहिलं. माझ्या अल्बममधून माझं संगीत काढून टाकण्यात आलं आणि अल्बम एकदम चांगला झाला. आता त्यात जमनीबाई आहे, हळदीचा ड्रम आहे, हट्ट्याच्या काकांचे बैल आहेत, आणि त्यांच्यामागं पाणंदीतला माझा खोकला. तो मनीषानं हट्टानं ठेवला. कव्हरवरचा माझा फोटोही गेला. वर नाव जमनीबाईचं, खाली बारीक अक्षरात ‘ध्वनिमुद्रण’ आणि पुढं मी.

अल्बम निघाला. लोक लांबलांबून लिहितात. एकानं विचारलं, गाणं अर्ध्या शब्दावर तोडायचं धाडस तुम्हाला सुचलं कसं? मी कळवलं, टेप संपला होता. त्याला वाटलं मी विनयानं बोलतोय.

चैत्रात जमनीबाईच्या नातवाचा फोन आला. त्यांच्या भावकीत एका पोरीचं लग्न होतं. म्हणाला, “आजी आठ दिवसांपासून नवरीला घेऊन बसलीय. पाच पोरी शिकायला येऊन राहिल्या. आजीनं तुमाला बोलावलंय लग्नाला.” मग जरा अडखळला. “पन मशीन आनायचं न्हाई म्हनली. मोबाइल बी न्हाई.”

मी दोन्ही घरी ठेवून गेलो. मंडपाच्या कडेला उभा राहिलो आणि पहिल्यांदा, काही न भरता, नुसता ऐकत राहिलो.